रश्श्याची सवय असलेल्यांसाठी: नागपुरात सिगडी, सालसा आणि टाको

नागपुरात मटन म्हटलं की वर तर्री तरंगायलाच हवी. त्यामुळे कुणी हौसेनं घरी चिकन ग्रिल करून ताटात वाढलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "हे खायचं कशासोबत?" प्रश्न रास्त आहे. भाजलेलं मांस कोरडं, त्यासोबत कोरडी पोळी, मग घास उतरणार कसा? मेक्सिकन जेवणात रश्श्याचं काम सालसा, म्हणजे टमाट्या-मिरचीची ठेचलेली चटणी, करतो. आंबट, तिखट, पाणीदार, दर घासाला लागणारा. म्हणून नवीन माणसानं ग्रिल पॅन, इम्पोर्टेड सॉस आणि 'टाको किट' (टाको म्हणजे घडी घातलेल्या पोळीत मांस आणि सालसा) यांच्यावर पैसे घालवण्याआधी सालसा शिकावा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

पायरी पहिली: आधी बाहेर खा, पण बघत बघत

भाजण्याचं शिक्षण मोमिनपुऱ्यात फुकट मिळतं. संध्याकाळनंतर तिथल्या सिगड्या पेटतात, रमजानमध्ये तर रात्री उशिरापर्यंत. सीक कबाब मागवा आणि टेबलावर बसण्याऐवजी सिगडीजवळ उभे राहा. लांबट, अरुंद सिगडी असते. मधे जाळी नसते, सळया दोन्ही काठांवर टेकलेल्या असतात. सगळीकडे निखारे सारखे पसरलेले नसतात, हे मुद्दाम बघा. एका टोकाला ढीग, दुसऱ्या टोकाला जेमतेम. कच्ची सळई ढिगावर येते, रंग धरला की सरकत सरकत गार टोकाला जाते आणि गिऱ्हाईक आलं की परत दहा-वीस सेकंद आचेवर. पंखा तेवढ्यापुरताच हलतो. घरी ग्रिल करताना लागणारं निम्मं ज्ञान एवढ्यात आलं. लालभडक रंग नको असेल तर आधीच सांगा, "भाई, बिना कलर का है क्या?" आणि असेल तेच घ्या.

मेक्सिकनसाठी धरमपेठ, रामदासपेठ आणि वेस्ट हायकोर्ट रोडवरचे कॅफे. इथे जरा सावध. आपल्याकडच्या मेन्यूकार्डावर 'मेक्सिकन' म्हणजे बरेचदा मेयोनीज, स्वीटकॉर्न आणि पेरी-पेरी मसाला. यातल्या पेरी-पेरीचा मेक्सिकोशी काही संबंध नाही, ती पोर्तुगीज आणि आफ्रिकेच्या मार्गानं आलेली चव आहे. ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा: टॉर्टिया (तिकडची पातळ पोळी) मक्याचा की मैद्याचा, सालसा आज केलेला की बाटलीतला, आणि बीन्स घरी शिजवलेले की डब्यातले. वाढणाऱ्या मुलाला उत्तरं माहीत नसतील तर नाचोज मागवून गप्पा मारा, जेवायला दुसरीकडे जा. नाचोजचं चीज वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पाच मिनिटांत सगळं लिबलिबीत होतं.

नाचोजला कमी लेखू नका म्हणा. ते 1940च्या दशकात पिएद्रास नेग्रास या मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं ऐन वेळी हाताशी होतं त्यातून केले, आणि 'नाचो' हे त्याचंच लाडाचं नाव. फहिता (भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या) टेक्सासची, बरीटो (सारण भरून गुंडाळलेला टॉर्टिया) उत्तर मेक्सिकोचा. म्हणजे आपण ज्याला मेक्सिकन म्हणतो त्यातलं बरंचसं सीमेच्या आजूबाजूचं आहे. आणि चौकात उभी फिरणारी शावर्माची सळई दिसते ना, लेबनॉनहून गेलेल्या लोकांनी तीच मेक्सिकोत नेली. तिथे तिचा 'अल पास्तोर' टाको झाला, वर अननसाचा तुकडा. तेव्हा शावर्माही या अभ्यासक्रमात बसतो. फक्त आत कच्चं गुलाबी मांस नाही ना आणि मेयोनीज बर्फात किंवा फ्रिजमध्ये आहे ना, एवढं पाहून घ्या. एप्रिल-मे महिन्यात तर पाहाच.

पायरी दुसरी: सालसा

चार पिकलेले टमाटे, दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा, सालासकट चार लसणाच्या पाकळ्या. लोखंडी तवा चांगला तापवा, तेल अजिबात नको. सगळं तव्यावर ठेवा आणि हलवत बसू नका. टमाट्याची साल फाटून काळे चट्टे पडले, आतून पाणी सुटायला लागलं की उलटा. लसूण आधी होतो, तो काढून सोला. मग खलबत्त्यात आधी लसूण, मिरची आणि मीठ वाटून शेवटी टमाटे ठेचा. मेक्सिकोतही हे दगडी खलातच करतात. मिक्सर असेल तर एक-दोन झटके, जास्त फिरवला की फेसाळ गुलाबी सूप होतं. कांदा बारीक चिरून घाला, वरून लिंबू आणि मूठभर चिरलेला सांबार (पुण्या-मुंबईच्यांनी कोथिंबीर वाचावं).

इथे हात आवरायचा. फोडणी नाही, साखर नाही, दाण्याचा कूट नाही. चाखून पाहताना एकटा सालसा जरा जास्तच आंबट आणि खारट लागायला हवा, कारण तो मांस आणि टॉर्टियासोबत जाणार आहे. जिभेला बरोबर लागला तर ताटात फिका पडेल.

आपलं कागदी लिंबू या कामाला अगदी जातीचं आहे, अक्षरशः. बाहेर ज्याला मेक्सिकन लाइम म्हणतात ते हेच. पाककृतीत 'लाइम' वाचून मॉलमध्ये महाग हिरवी लिंबं शोधायला जाऊ नका. हिरव्या सालसासाठी तिकडे तोमातियो नावाचं फळ वापरतात, ते आपल्याकडे मिळणं कठीण. कच्चे हिरवे टमाटे याच पद्धतीनं भाजून जास्तीचं लिंबू पिळलं की काम भागतं. हालापेन्योऐवजी भज्यांची जाड मिरची अधिक एक तिखट मिरची. भिवापुरी लाल मिरची वापरायची असेल तर एकच, तीही जरा भाजून. ती रंग देते तसा घामही काढते.

अव्होकाडो गोकुळपेठेत आणि मोठ्या सुपरमार्केटात मिळतो. पण महाग असतो, आणि दगडासारखा कडक निघाला तर दोन-तीन दिवस बाहेर ठेवावा लागतो. मऊ झाला की त्याच दिवशी लिंबू, मीठ, कांदा, मिरचीसोबत कुस्करा. नाही मिळाला तर ग्वाकामोलेचा नाद सोडा. वाटाण्याचा नकली ग्वाकामोले करण्यापेक्षा चक्का फेटून ठेवलेला बरा.

पायरी तिसरी: चिकन आणणं

नवीन माणसानं मटनापासून सुरुवात करू नये. बोकडाचं मांस सरळ आचेवर चिवट होतं, त्याचं पुढे सांगतो. तिकडच्या 'कार्ने आसादा'ला (आचेवर भाजलेलं मांस) गोमांस लागतं, आपल्या राज्यात 2015 पासून बैलाचंही मांस कायद्यानं बंद आहे. तेव्हा चिकन, आणि तेही छातीचं नको, मांडीचं.

दुकानात 'लेग बोनलेस' म्हटलं की सुरा लगेच बारीक तुकड्यांकडे वळतो, कारण नव्वद टक्के गिऱ्हाईक चिलीसाठी घेतं. मधेच थांबवा:

"भाऊ, तुकडे नका करू. हाड काढा फक्त, अन् अख्खं पसरवून द्या."
"चिली नाही करायची का?"
"नाही, भाजायचं आहे."
"मंग चामडी राहू देऊ?"

राहू द्या म्हणा. आचेवर चामडीची चरबी वितळून मांस ओलं राहतं, खाताना नको असेल तर काढता येते.

एक किलोला मुरवण: दोन छोटे चमचे मीठ, दोन लिंबांचा रस, एका संत्र्याचा रस, आठ लसूण पाकळ्या वाटून, दोन छोटे चमचे लाल तिखट, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर ओरेगॅनो, तीन मोठे चमचे तेल. पिझ्झासोबत आलेल्या, डब्यात साठून राहिलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या इथे कामी येतात. संत्र्याचं नाव बघून हसू नका. मेक्सिकोच्या युकातान भागात आंबट संत्र्याच्या रसात मांस मुरवण्याची जुनी रीत आहे. आपलं संत्रं गोड, म्हणून लिंबाची जोड. दिवाळीच्या आसपास येणारं आंबिया बहाराचं संत्रं जरा आंबट असतं, ते या कामाला उन्हाळ्याच्या तोंडावरच्या मृग बहारापेक्षा चांगलं.

दोन ते चार तास मुरू द्या, फ्रिजमध्येच. "बाहेर राहिलं तर जास्त मुरतं" हा समज नागपूरच्या हवेत पोटाला महागात पडतो. रात्रभरही ठेवू नका, लिंबानं मांस वरून पिठूळ होतं.

पायरी चौथी: आच

गच्ची असेल तर सिगडी, आणि हंगाम हिवाळ्याचा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा निखाऱ्यांजवळ बसायला लोक स्वतःहून येतात. मे महिन्यात 45 अंशात राबून आल्यावर पुन्हा सिगडी पेटवायची हौस कुणाला असेल तर त्यांनी खुशाल पेटवावी.

कोळसा लाकडी हवा. आपण वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या मुख्यालयाच्या शहरात राहतो. उमरेड, सावनेर, कामठी भागात खाणी आहेत आणि दगडी कोळसा सहज कुठे ना कुठे दिसतो. त्यावर अन्न भाजायचं नाही. त्याच्या धुरात गंधक असतं, चव तर जातेच आणि तब्येतही. लाकडी कोळशासाठी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारा, तो कुठून आणतो ते सांगेल. रॉकेल ओतून पेटवू नका. कागद, खोबऱ्याची करवंटी आणि थोडा धीर पुरतो.

ज्वाळा संपून निखाऱ्यांवर करडी राख धरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात. मग चिमट्यानं निखारे एका बाजूला ढकला, दुसरी बाजू रिकामी. तळहात जाळीच्या चार बोटं वर धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आच तेज, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम. चिकन तेज बाजूला आधी ठेवा. मुरवणातलं पाणी झटकून, चामडी खाली करून. चरबी गळून ज्वाळा उठली की पाणी शिंपडायचं नाही, राख उडून सगळी चिकनवर बसते. तुकडा उचलून रिकाम्या बाजूला न्या, ज्वाळा आपोआप बसेल. प्रत्येक बाजू साधारण पाच-सहा मिनिटं. जाळीला चिकटत असेल तर ओढू नका. तयार झालं की सुटतं.

झालं की नाही हे कापून पाहण्यापेक्षा सुईचा थर्मामीटर घ्या. जाड भागात 74 अंश सेल्सिअस आले की चिकन शिजलं. या सगळ्या छंदात पैसे घालण्यासारखी एकच वस्तू मला हीच वाटते. काढल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, मग धाग्याला आडवं कापा. आणि कच्चं चिकन ज्या ताटलीतून नेलं तिच्यातच भाजलेलं काढायचं नाही. गप्पांच्या नादात हे हमखास होतं.

फ्लॅटमध्ये? बंद किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. बिडाचा तवा गॅसवर धूर येईपर्यंत तापवा, खिडकी उघडा, एका वेळी दोनच तुकडे ठेवा. चार ठेवले की पाणी सुटून चिकन उकडतं. शेवटी धुंगार द्या: चिकनच्या पातेल्यात वाटी, वाटीत पेटता निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि तीन-चार मिनिटं घट्ट झाकण. त्याहून जास्त ठेवलं तर कडू होतं.

पायरी पाचवी: टॉर्टिया

सोपा रस्ता मैद्याचा. दोन वाट्या मैदा, तीन मोठे चमचे तेल, मीठ, गरम पाणी. मळून अर्धा तास झाका, पातळ लाटा, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट. लगेच कापडात गुंडाळा. घाईच्या दिवशी घरची पोळी चालते, फुलका नको. तो ओल्या सालसानं फाटतो.

मक्याचा टॉर्टिया वेगळं प्रकरण आहे. बाजारातलं मक्याचं पीठ मळलं की थापताना काठ तडकतात, घडी घातली की तुटतं. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यानं दाण्याची साल सुटते आणि पीठ चिकटून येतं. त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही त्याशिवाय अंगी लागत नाही. नुसता मका खाऊन राहिलेल्या युरोपातल्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला तो याचमुळे.

करून पाहायचं असेल तर इतवारीतून अर्धा किलो कोरडा मका आणा. पॉपकॉर्नचा नको, स्वीटकॉर्न तर नाहीच. स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी, त्यात पानठेल्यावर मिळतो तो खायचा चुना, भरगच्च एक छोटा चमचा. ॲल्युमिनियम वापरू नका, चुना त्याला खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. दाणा बोटांनी चोळल्यावर साल सरकली की गॅस बंद करा आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा. मग पाणी जवळपास न घालता वाटा. मिक्सरला थोडं पाणी लागतंच, मग गोळा सैल झाला तर थोडं मक्याचं पीठ मिसळा. लिंबाएवढी गोळी प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वरून जड, सपाट बुडाचं पातेलं दाबा. तव्यावर आधी अर्धा मिनिट, उलटून एक मिनिट, परत उलटून बोटांनी हलकं दाबलं की फुगतो.

रविवारी वेळ असेल तेव्हाच हे. एरवी मक्याच्या पिठाची भाकरीसारखी उकड काढा: उकळत्या खारट पाण्यात पीठ, झाकण, आणि गरम असतानाच मळायचं. चव तीच नाही, पण घडी पडते.

पायरी सहावी: रस्सा हवाच असणाऱ्यांसाठी

सगळं करूनही कुणीतरी वाटी पुढे करून "रस्सा?" म्हणणारच. त्यांच्यासाठी बिर्रिया. हालिस्को राज्यातला हा पदार्थ मूळचा बोकडाच्या मटनाचाच. मला विचाराल तर नागपूरकराला जेवू घालायला अख्ख्या मेक्सिकोत यापेक्षा योग्य काही नाही. श्रावण संपून पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटनाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, त्या दिवशी एकदा हे करून बघा.

एक किलो मटन हाडांसकट, खांदा आणि सीना, एक-दोन नळ्या. दहा बेडगी मिरच्या, बिया काढून, गरम पाण्यात वीस मिनिटं. त्या मिरच्या, तीन भाजलेले टमाटे, एक भाजलेला कांदा, आठ लसूण पाकळ्या, पेरभर दालचिनी, तीन लवंगा, सहा मिरे, छोटा चमचा जिरे, दोन मोठे चमचे व्हिनेगर हे बारीक वाटून गाळणीतून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर मिरचीच्या सालींचे कण रश्श्यात दाताखाली येतात. मटनाला मीठ आणि हे वाटण लावून तीन-चार तास फ्रिजमध्ये. मग कुकरमध्ये लिटरभर पाणी, दोन तमालपत्रं, आणि मंद आचेवर मांस हाडापासून सुटेपर्यंत. खोबरं, खसखस, दगडफूल यातलं काही घालायचं नाही. घातलं की सावजीच्या वाटेला लागलात.

वर लाल चरबी तरंगते, ती वाटीत काढा. मटन हाडापासून सोडवा. टॉर्टिया त्या चरबीत बुडवून तव्यावर टाका, अर्ध्या भागावर मटन, कच्चा कांदा, सांबार, वाटल्यास किसलेलं चीज. घडी घालून दोन्ही बाजू कुरकुरीत. सोबत वाटीत तोच पातळ रस्सा, लिंबू पिळून, आणि टाको त्यात बुडवून खायचा.

रोजच्या रांधपात हे बसवायचं कसं

रविवारी दीड किलो भाजा, निम्मं त्याच दिवशी संपतं. उरलेलं न चिरता डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस. सोमवार पाळणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी राजमा: रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला पूर्ण मऊ शिजवून, कांदा-जिऱ्यावर ठेचलेला, भातावर घालून वर रविवारचा सालसा. राजमा अर्धकच्चा ठेवू नका, पोट बिघडतं. मंगळवारी चिकन चिरून दोन टॉर्टियांमध्ये चीजसोबत तव्यावर, म्हणजे केसादिया. मुलांच्या डब्याला हाच पदार्थ रिकामा परत येत नाही. बुधवारी काय ते फ्रिज बघून ठरवा. सालसा तिसऱ्या दिवशी पाणी सोडतो, त्याची मग अंडाकरी करून टाका.

घरात कुणी मांस खात नसेल तर सिगडीचा क्रम ठरवून घ्या. आधी पनीर, ढोबळी मिरची, कांद्याच्या जाड चकत्या आणि छिंदवाड्याकडून येणारी कणसं, मग मांस. चिमटे दोन, तेही वेगळ्या रंगाचे धागे बांधून, कारण अंधाऱ्या गच्चीवर ते सारखेच दिसतात. कणसाला भाजल्यावर फेटलेला चक्का, किसलेलं पनीर, तिखट आणि लिंबू लावा. मेक्सिकोच्या रस्त्यांवर असंच विकतात, मेयोनीज लावून. आणि बाहेर मेक्सिकन खाताना शाकाहारी मंडळींनी बीन्स कशात परतले ते विचारावं. मूळ रिवाज डुकराच्या चरबीचा आहे. नागपुरातल्या कॅफेत बहुधा तेलच असतं, पण विचारलेलं बरं.